वरचे बारा, खालचा एक

एरॉल टकवेलच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असत. डाव्यावर वरचं, उजव्यावर खालचं. कलेंडीत जन्मलेल्या कुणाला यात नवल वाटत नाही. गावाच्या पोटातून राज्याची हद्द जाते. वर क्वीन्सलँड, खाली न्यू साउथ वेल्स. उन्हाळा लागला की खालचं सरकार घड्याळ तासभर पुढे ढकलतं. वरचं सरकार म्हणतं, आमची गुरं गोंधळतील, पडदे विटतील, आम्हाला आहे तेच बरं. त्यामुळे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत खाली एक वाजतो तेव्हा वर बाराच झालेले असतात.

एरॉल खालचा. पण त्याची नोकरी बरोबर हद्दीवर होती. हायवे गावातून सरळ वरून खाली येतो आणि जिथे हद्द त्याला आडवी जाते, नेमके तिथेच रस्ता ओलांडायचे पट्टे आहेत. हे पट्टे कुणी आखले ते आता कुणी कबूल करत नाही. पट्ट्यांच्या एका टोकाला धाकट्यांची शाळा, ती खालच्या वेळेने भरते. दुसऱ्या टोकाला मोठ्यांची शाळा, ती वरच्या वेळेने. म्हणजे सकाळी दोनदा आणि दुपारी दोनदा कुणीतरी अंगात भडक जाकीट घालून, हातात ‘थांबा’ची गोल पाटी धरून रस्त्यात उभं राहायला हवं. लोकरीच्या शेडमधून निवृत्त झाल्यापासून एकोणीस वर्षं तो कुणीतरी म्हणजे एरॉल होता. एवढ्या काळात त्याने पाटी एक मिनिट लवकर उचलली नाही की एक मिनिट उशिरा खाली केली नाही. पाटीला दुसऱ्या कुणाचा हातही लागू दिला नाही.

आता कलेंडीची एक रीत इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ होणार नाही. घोळ झाला, पण तो तुमचा होणार नाही. कलेंडीत वेळ सांगताना समोरच्याची वेळ सांगतात. वरचा माणूस खालच्याला जेवायला बोलावणार असेल तर बेरीज त्याने स्वतः करायची आणि खालची वेळ तोंडातून काढायची. ऐकणाऱ्याने काही करायचं नाही, फक्त यायचं. पोरं पाढ्यांच्या आधी हे शिकतात. “कोणते सात? वरचे की खालचे?” असं विचारणारा एकतर प्रवासी असतो नाहीतर पिऊन आलेला.

तर एरॉलच्या डाव्या डोळ्याखाली, खालच्या पापणीच्या अगदी काठाशी, एक दाणा आला. तो त्याने वर्षभर पाहिलाच नाही. पाहिला डल्सीने. ही डल्सी वरची. बोल्सच्या क्लबची चिटणीस, म्हणजे पांढरे कपडे घालून हिरवळीवर जड चेंडू घरंगळवणाऱ्या म्हाताऱ्यांवर हुकूम सोडणारी बाई. नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली होती. एरॉलची बायको जाऊन नऊ. रोज सकाळी डल्सी तिची जुनी गाडी घेऊन पट्ट्यांशी थांबे आणि काच खाली करून एरॉलचा एक तरी पाणउतारा करून मगच पुढे जाई.

“तोंड धुतलं नाहीस का?” एके दिवशी ती म्हणाली. “डोळ्याखाली साबुदाणा चिकटलाय.”

“मी साबुदाणा खात नाही.”

“मग तो तुला खातोय. दाखव जाऊन कुणाला तरी.”

कलेंडीत साठीच्या पुढचा पूर्ण माणूस मिळणं कठीण. कुणाच्या कानाचा शेंडा गेलेला, कुणाच्या नाकावर मांडीच्या कातड्याचं ठिगळ. पबमध्ये लोक आपापले व्रण दाखवतात आणि सर्वांत मोठ्या व्रणाला बिअर मिळते. उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर म्हटलं की इथे कुणी दचकत नाही. पण एरॉल दचकला, कारण शहरातल्या सर्जनने कापायचं म्हटलं आणि पापणीचा तुकडा जाईल, कानामागच्या कातडीने भरून काढू, असं सांगितलं.

एरॉलचा भाऊ क्लाइव्ह याचं नेमकं हेच झालं होतं. आजार गेला, पण पापणी खाली ओघळली आणि डोळा कायमचा गळायला लागला. क्लाइव्हच्या सत्तराव्या वाढदिवसाला तीन बायकांनी त्याला मिठी मारून धीर दिला. मेंढ्यांच्या लिलावात तो आला की भाव उतरत, याचं काहीतरी बिनसलंय म्हणून. अंत्यविधींना मात्र त्याला दोन्ही राज्यांतून बोलावणं येई. क्लाइव्ह मजेत होता. एरॉल मात्र त्याच्याकडे बघायचं टाळायचा.

याचं कारण होतं. एरॉलचं ठाम मत होतं की गाडी पाटीने थांबत नाही, डोळ्यांनी थांबते. ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं, पापणी लववायची नाही, मग चाळीस टनांचा ट्रकसुद्धा जागच्या जागी उभा राहतो. रडक्या डोळ्याच्या माणसासाठी कोण थांबणार? फार तर हळहळतील आणि पुढे जातील. आणि पट्ट्यांवर पोरं असतात.

“काहीतरीच,” डल्सी म्हणे. “मी पाटी बघून थांबते. नियम आहे म्हणून. तुझ्या डोळ्यांत बघण्यासारखं आहे काय?”

मग दिव्याची व्हॅन आली. ही व्हॅन ब्रिस्बेनहून निघते आणि तीन-तीन महिन्यांनी कलेंडीत येते. आत एक लाल दिवा असतो. दाण्यावर मलम लावतात, ते मुरलं की वर दिवा धरतात, आणि त्या उजेडाने फक्त वाईट तेवढं जळतं, कापाकापी नाही. व्हॅनबरोबर डॉक्टर मनोरी होत्या. तिशी ओलांडलेल्या, मूळच्या श्रीलंकेच्या, आणि कलेंडीत पहिल्यांदाच आलेल्या. बुधवारी त्यांनी भिंगातून एरॉलचा दाणा बराच वेळ पाहिला.

“उथळ आहे,” त्या म्हणाल्या. “डोळ्याच्या इतक्या जवळ आम्ही सहसा जात नाही. पण बुबुळावर झाकण बसवून करता येईल. दोन बैठका. उद्या एक, पुढच्या आठवड्यात परतताना दुसरी.”

“आणि उद्या नाही जमलं तर?”

“तर दोन्ही राहिल्या, आणि पुढची व्हॅन तीन महिन्यांनी. तोवर हा उथळ राहील याची मी हमी देणार नाही. आत उतरला की मग दिवा उपयोगाचा नाही, एरॉल. मग सुरीच.”

एरॉल घरी गेला आणि त्याने दोन्ही घड्याळांना नवे सेल घातले.

गुरुवारी सकाळी मोठ्यांची शाळा भरवून तो पबशेजारी उभ्या व्हॅनमध्ये गेला. पब वर आहे. डॉक्टरांनी दाणा हलकेच खरवडला, मलम लावलं, त्यावर चंदेरी कागदाची उजेडबंद पट्टी डकवली. डावा डोळा पूर्ण झाकला गेला.

“आता हे मुरू द्या. घरी जाऊन अंधारात बसा. काही झालं तरी उजेडाला जाऊ नका. आणि एक वाजता या.”

इथे एरॉल थबकला. डॉक्टरांच्या मनगटावर त्याने एकाच डोळ्याने पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. वरची वेळ. बाई ब्रिस्बेनची, म्हणजे वरच्यांच्या राजधानीची, आणि कालच गावात आलेली. हिला आपली रीत कुठून माहीत असणार? ही आपलं तिच्या घड्याळातलंच बोलणार. तिचा एक म्हणजे आपले दोन. बिचारीला बेरीज करता येत नाही तर आपण करावी, एवढी माणुसकी एरॉलमध्ये होती. “कोणता एक?” असं विचारावं हे त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण तो काय प्रवासी होता, की पिऊन आलेला?

“बरोबर एकला,” तो म्हणाला, आणि मनात दोन लिहून घेतले.

आता डॉक्टरांची बाजू. आदल्या संध्याकाळी डल्सीने त्यांना क्लबात बोलावून पाव्हलोव्हा या मलईच्या केकचे दोन मोठे तुकडे खायला घातले होते आणि त्यांच्या तोंडात घास असतानाच गावाची रीत शिकवली होती. समोरच्याची वेळ सांगायची! डॉक्टर हुशार. त्यांनी रात्री कागदावर मांडून पाहिलं. मलमाला तीन तास, दिवा वरच्या बाराला, एरॉल खालचा, म्हणून त्याला सांगायचं, एक. सकाळी ते वाक्य नीट म्हणता आलं याचा त्यांना फार आनंद झाला होता.

एरॉलच्या घरात बिनखिडकीची एकच खोली होती, न्हाणीघर. तो कोरड्या टबात उशी घेऊन बसला. अंधारातच त्याने खिमा भरलेला थंड मीट-पाय खाल्ला आणि त्यातला अर्धा टोमॅटो सॉस शर्टावर सांडला, पण ते त्याला दिसलं नाही. मग खालच्या सव्वाला बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला. फोन खिडकीपाशी होता, आणि खिडकीत कलेंडीचं फेब्रुवारीचं ऊन. काही झालं तरी उजेडाला जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एरॉल टबात घट्ट बसून राहिला. फोन सात वेळा वाजला.

“काय निर्लज्ज माणसं असतात,” तो अंधाराला म्हणाला. “समोरचा आजारी असेल हा विचारच नाही.”

दोनला वीस कमी असताना तो निघाला. डोक्यावर मोठी हॅट, डोळ्यावर चंदेरी पट्टी, खांद्यावर ‘थांबा’ची पाटी. पाटी डल्सीच्या हवाली करायची होती. दिव्यानंतर दोन दिवस त्याला उजेड बंद होता, आणि दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून त्याने डल्सीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, विचार करते. म्हणजे हो.

तो पट्ट्यांजवळ पोचला आणि त्याने वर पाहिलं. पबसमोरून व्हॅन वळत होती. दिव्याची व्हॅन. हायवेला लागून ती त्याच्याच दिशेने येऊ लागली. एरॉलने उजवं मनगट पाहिलं, दोनला दहा कमी. डावं पाहिलं, एकला दहा कमी. अजून दहा मिनिटं आहेत आणि ही बाई निघाली? व्हॅनचं दार लावलेलं, शिडी वर घेतलेली. ती खरंच चालली होती.

एरॉल घाबरला. नुसता घाबरला नाही, त्याला क्लाइव्ह दिसला, रुमाल घेतलेला. पट्ट्यांवर एक पोर नव्हतं, शाळेची वेळ नव्हती, आणि एकोणीस वर्षांत जे पाप केलं नव्हतं ते एरॉल टकवेलने केलं. तो रस्त्याच्या मधोमध गेला आणि त्याने पाटी वर केली.

एकच डोळा होता. त्याने तो व्हॅनच्या काचेवर रोखला आणि पापणी लववली नाही.

ब्रेक किंचाळले. व्हॅन थांबली, पण पुढची चाकं हद्दीची पिवळी रेघ ओलांडून खाली आली होती, मागची वरच राहिली. तिच्यामागे बैल भरलेला एक लांबलचक ट्रक फुसफुसत उभा राहिला.

“थांबलात!” एरॉल धापा टाकत म्हणाला. “एका डोळ्यालाही थांबलात!”

“रस्त्याच्या मध्ये तोंडाला चंदेरी कागद लावलेला माणूस उभा आहे, एरॉल! आणि तुमच्या शर्टाला रक्त!”

“ते रक्त नाही, टोमॅटो आहे. तुम्ही कुठे चाललात? एक वाजायला दहा मिनिटं आहेत.”

“एक वाजून पन्नास मिनिटं झाली! तुमच्या वेळेने! मी तुमच्या वेळेनेच सांगितलं होतं! डल्सीने शिकवलं तसं!”

एरॉलचा हात हळूहळू खाली आला. मागच्या ट्रकने लगेच इंजिन घुरघुरवलं, तसा तो पुन्हा वर गेला.

“तीन तास असं म्हणाला असतात तर मला कळलं असतं,” तो म्हणाला. “तेवढं तरी म्हणायचं.”

“सात वेळा फोन केला मी.”

“तुम्हीच म्हणालात, उजेडाला जाऊ नका.”

डॉक्टरांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मग सगळं भराभर बोलल्या. पुढच्या गावी तिघांना नर्सने मलम लावून ठेवलंय, त्यांचे तीन तास सुरू झालेत. वाट खराब, कांगारू आडवे येतात म्हणून हाताशी वीस मिनिटं राखून ठेवली होती. ती वीस मिनिटं तुमची. मलम पाऊण तास जास्त मुरलंय, तेवढं चालेल, पण आग जास्त होईल. चढा आत.

“व्हॅन बाजूला तर घ्या.”

“पुढे घेतली तर दिवा तुमच्या राज्यात जाईल. तिथे मला फक्त पुढच्या गावच्या इस्पितळाच्या आवारात दिवा लावायची परवानगी आहे. रस्त्यावर नाही. आत्ता तो वरच्या राज्यात आहे. मागे घेतली तर बैल.”

एरॉलला हे लगेच पटलं. हद्दीवरच्या माणसाला असल्या गोष्टी पटवाव्या लागत नाहीत. अडचण दुसरी होती. व्हॅन रस्त्यात उभी ठेवायची तर पाटी वर हवी, आणि पाटी वर हवी तर तो धरायला हवा. शेवटी तो मागच्या खाटेवर आडवा झाला आणि उजवा हात खिडकीतून बाहेर काढून त्याने पाटी आभाळाकडे धरली.

ट्रकवाला खाली उतरून आला. “ओ आजोबा, कुणासाठी थांबलोय आपण? पोरं कुठायत?”

आतून एरॉलने पाटी आणखी थोडी उंच केली. पट्ट्यांवर कुणी नसताना पाटी वर ठेवणं हा गुन्हा होता, दोन्ही राज्यांत.

तेवढ्यात पट्ट्यांशेजारी बोल्सच्या क्लबाचं फाटक वाजलं. ब्रेकचा आवाज ऐकून डल्सी बाहेर आली होती, आणि तिच्यामागे पांढऱ्या कपड्यांतली सगळी मंडळी, बहुतेक ऐंशीच्या पुढची, एक वॉकर घेतलेली, दोघं काठी टेकत. डल्सीने व्हॅन पाहिली, खिडकीतला हात पाहिला, ट्रकवाल्याला पाहिलं. तिला किती कळलं कोण जाणे, पण पुरेसं कळलं.

“ही काय पोरं,” ती म्हणाली. “चला रे, ओलांडा.”

“ही पोरं?” ट्रकवाला म्हणाला.

“माझी आई अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे. वर वृद्धाश्रमात बसून मला अजून ‘पोरी’ म्हणते. तिला जाऊन सांग, मी पोर नाही म्हणून. सावकाश चला रे! घाई कुणाला आहे?”

आणि बोल्सचा क्लब रस्ता ओलांडू लागला. त्या टोकाला पोचल्यावर डल्सीने त्यांना उलटं फिरवलं. वॉकरवाली आजी अर्ध्यावर आली की तिला आठवे की चष्मा पलीकडे राहिला. तो आणायला ती परत जाई. चष्मा तिच्या गळ्यातच होता.

व्हॅनमध्ये डॉक्टरांनी पट्टी सोडली, मलम पुसलं, डोळा बधिर करायचे थेंब घातले आणि बुबुळावर काळं झाकण सरकवलं. डाव्या बाजूला काळोख झाला. मग दिवा लागला.

“आठ मिनिटं,” डॉक्टर म्हणाल्या.

पहिलं मिनिट बरं गेलं. एरॉल मनात म्हणाला, एवढंच? दुसऱ्या मिनिटाला जणू बुल-मुंगी, ती बोटाच्या पेराएवढी विषारी, कडकडून चावली. मग तिथेच दुसरी चावली. मग सगळं वारूळच त्या एका दाण्याएवढ्या जागेवर जमलं. डॉक्टर एका हाताने पंखा धरून गार पाण्याचा फवारा मारत होत्या. एरॉलने दात आवळले. बाहेर बैल हंबरत होते आणि डल्सीचा आवाज येत होता, “परत! परत! तुला काठी आहे, तू पुढे हो!”

“किती राहिली?” त्याने विचारलं.

“साडेपाच.”

“वरची की खालची?” बाहेरून डल्सी ओरडली.

“मिनिटं दोन्हीकडे सारखीच असतात, डल्सी!” डॉक्टर ओरडल्या. त्यांचाही आता तोल सुटत चालला होता.

पाटी झुकली, सावरली, पुन्हा झुकली. ट्रकच्या इंजिनाने आवाज केला. एरॉलने सगळं बळ हातात आणलं, पण आग डोळ्याखालून कानापर्यंत गेली होती आणि बळ तिकडेच खर्च होत होतं.

“मला क्लाइव्हसारखं व्हायचं नाही,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला त्यालाही कळलं नाही. “माझ्यासाठी कुणी थांबणार नाही. पोरं असतात हो रस्त्यावर.”

डॉक्टर फवारा मारत राहिल्या.

मग बाहेर त्याच्या बोटांवर एक हात पडला. सुरकुतलेला, बोल्सच्या चेंडूची धूळ लागलेला.

“सोड,” डल्सी खिडकीखालून म्हणाली.

“नाही.”

“अरे, पडेल ती. कुणाच्या डोक्यात बसली तर? सोड म्हणते ना.”

एरॉलने बोटं उघडली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाटी दुसऱ्याच्या हातात गेली. क्षणभराने बाहेर डल्सी कडाडली, “ए बैलवाल्या! थांबा म्हणजे काय ते वाचता येतं ना? मग थांब!” आणि ट्रकचं इंजिन बंद झाल्याचं त्याने ऐकलं. त्याला रडू आलं.

“रडू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “झाकण हलेल.”

तो रडला नाही. फार कठीण गेलं, पण नाही रडला.

दिवा विझला तेव्हा क्लबातले तिघं पट्ट्यांच्या कडेलाच बसून थर्मासमधला चहा पीत होते आणि ट्रकवाल्यालाही त्यांनी खोबऱ्यात घोळवलेला एक लॅमिंग्टन केक दिला होता. डॉक्टरांनी नवी पट्टी डकवली, एरॉलला खाली उतरवलं आणि हद्द ओलांडून भुर्रकन निघून गेल्या.

एरॉल आणि डल्सी पट्ट्यांवर उभे राहिले.

“म्हणजे तू तिला आपली रीत शिकवलीस,” तो म्हणाला.

“पाहुणी होती. शिकवू नको?”

“मग मला सांगायचं होतंस, तिला शिकवलीय म्हणून.”

“तुला काय सांगायचं? तुला तर ती येतेच!”

एरॉल घरी जाऊन टबात बसला. पुढचे दोन दिवस पाटी डल्सीकडे होती. शुक्रवारी तिने धाकट्या भावंडांना पोचवायला आलेली मोठ्यांच्या शाळेची पोरंही एक तास आधी ओलांडून नेली आणि बंद फाटकाशी उभी केली. गाव त्याबद्दल अजून एरॉलसमोर बोलत नाही. दुसरी बैठक परतीच्या वाटेवर झाली. डॉक्टरांनी वेळ कागदावर दोन्ही प्रकारे लिहून दिली आणि खाली मलमाचे तासही लिहिले. एरॉल तरीही व्हॅनच्या शिडीवरच बसून राहिला, तीन तास, डोक्यावरून घोंगडी घेऊन.

मे महिन्यात व्हॅन पुन्हा आली. तोवर खालच्यांनी घड्याळं मागे घेतली होती आणि दोन्ही बाजूंना एकच वेळ झाली होती. कलेंडीतले सगळ्यात अवघड महिने हेच. सवयीने बेरीज करायला जावं तर करण्यासारखं काही नसतं. डॉक्टरांनी निरोप धाडला, दहाला या. एरॉल नऊला गेला आणि आपला नंबर झाल्यावरही, न जाणो, म्हणून अकरापर्यंत बसून राहिला.

दहाला भिंग डोळ्याशी आलं. डॉक्टरांनी ते एकदा वरून, एकदा खालून फिरवलं. एरॉलने दोन्ही हातांनी हॅट आवळून धरली होती.

“कातडी जरा फिकी राहील,” शेवटी त्या म्हणाल्या. “दाणा नाही. पापणी जागची हललेली नाही. दर तीन महिन्यांनी मात्र दाखवायचं.”

“गळणार नाही?”

“आत्ता गळतोय तो आजार नाही, एरॉल. तो पुसा.”

अकराला तो बाहेर पडला. शाळेची वेळ नव्हती. जाकीट आणि पाटी घरी होती. हातात फक्त हॅट होती. पट्ट्यांशी आला तेव्हा वरून एक ओळखीची जुनी गाडी येत होती, नेहमीसारखी जरा जास्तच जोरात. एरॉल रस्त्यात उतरला. हात वर केला नाही. नुसतं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी, थेट काचेतून आत.

गाडी पट्ट्यांच्या चांगली दहा पावलं अलीकडे थांबली.

काच खाली झाली. “पाटी कुठाय?” डल्सी म्हणाली.

“घरी.”

“मग मी का थांबले?”

“ते मी कसं सांगू? थांबलीस तू.”

डल्सीने त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. “साबुदाणा गेला,” ती म्हणाली, आणि नाक शिंकरायला लागली.

एरॉल रस्ता ओलांडून गेला नाही. तो गाडीच्या दाराशी आला.

“चहाला ये,” तो म्हणाला. “चारला.”

डल्सीने तोंड उघडलं. कलेंडीत जन्मलेल्या बाईने जे आयुष्यात कधी विचारायचं नसतं ते तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं, मान हलवली आणि गाडी काढली.

चहाला ती तीनलाच येऊन बसली. एरॉलने दोनलाच आधण ठेवलं होतं.